संत्र्याचा ताण अन टीव्हीतली पोट्टी

…नाही, तुमीच सांगा, मानसाच्या घरात असं होते का? स्वतःची बायको, स्वतःची पोट्टी, दोघी मिळून महिनाभर मले टीव्हीसमोर बांधून ठेवते अन मले पत्ता नाही! दोर नाही, कुलूप नाही, तरी बांधलेला. मी खुशालराव, वय अठ्ठावन्न, वरूडच्या अंगाले संत्र्याचा बगीचा, सहाशे झाडं, घर बगीच्यातच. अन मले बांधलं कायनं? तं गेमनं.

थांबा, मुळातून सांगतो, नाही तं तुमी म्हनसान बुढ्याचं डोस्कं फिरलं.

संत्र्याच्या झाडाचं, तुमाले सांगतो, हिवाळ्यात पानी तोडा लागते. त्याले आमी ताण म्हनतो. महिना-दीड महिना थेंब द्याचा नाही. पानं मुडपते, पिवळी पडते, गळते, पाहवत नाही. मंग बरोबर दिवसावर पानी सोडलं का झाड असं फुलते का पान दिसत नाही. पन आठ-दहा दिवस आधी सोडलं तं? निसता पाला. झाड हिरवंगार, अन संतरा औषधाले नाही. आता मी रोज सकाळी बगीच्यात जातो. झाड माह्याकडे पाहते, मी झाडाकडे पाहतो. माह्या हातानं लावलेलं झाड, तहानेनं मान टाकून उभं, अन इहिरीत पानी, अन मोटरचं बटन हाताशी… तुमीच सांगा, मले राहवते का?

नाहीच राहवत. तीन साल झाले, तिन्ही साल म्या बटन दाबलं, तिन्ही साल पाला. रुख्मिणी, आमची घरची, काही बोलत नाही. ती बोलत नाही याचंच मले भेव. यंदा फकस्त एवढं म्हने, "अवो, यंदाही पालाच झाला तं झाडं उपटून तूर पेरतो मी." अन भाकर थापाले लागली, जसं काही झालंच नाही. सहाशे झाडं!

मंग संक्रांत आली. आकांक्षा, आमची पोट्टी, अकोल्याले कंपनीत हाय, ते आली अन म्हने घरूनच काम करतो महिनाभर. आल्या-आल्या टीव्हीले एक डब्बा जोडला अन बसली खेळत. मी तणतणत गेलो. "काय वं, एवढी शिकली-सवरली तू, अन लेकरावानी खेळून राहिली?" तं ते म्हने, "बाबा, दोन मिनिटं हे पकडा, मी तुमच्यासाठी चाय आनतो." अन माह्या हातात तो कंट्रोलर. दोन मिनिटं बरं का… ते चाय मले महाशिवरात्रीले भेटली.

आता त्या गेमात असं काय हाय म्हनसान. एक लहानशी पोट्टी, लाल फराक, पायात काही नाही, एकटीच. बंदूक नाही, मारामारी नाही, कोनी बोलत नाही. जुना पडका बगीचा हाय, पडक्या भिंती, मधात खड्डे, अन तिले उड्या मारत-मारत पलीकडच्या फाटकाले न्याचं. पन फाटक उघडाले खटका, खटका दबाले धोंडा, धोंडा आनाले उतार, अन उतारावर जाचा पूल तुटलेला! म्हंजे डोस्कं लावा लागते. पहिली उडी मारली अन पोट्टी खड्ड्यात. "अवं मेली वं लेकरू" म्हून मी बोंबललो, तं पोट्टी पुन्हा उभी, फराक झटकून. कोनी हासलं नाही, कोनी टोमना मारला नाही. मी अठ्ठावन्न सालात किती खेपा पडलो, अन दरखेपेले बांधावर शेजारचा केशवराव हजर, "काय खुशालराव, फसलं वाटते यंदाही?" इथं केशवरावच नाही! पडा, उठा, पुन्हा पडा. अन कोडं सुटलं का फाटक असं करकर करत उघडते, अन पलीकडं नवीनच जागा, नवीनच खड्डे. एक फाटक पाह्यलं का वाटते अजून एक पाहू. तुमीच सांगा, मले राहवते का?

अन रुख्मिणी काय म्हने? "बसा तुमी निवांत, बगीच्यातलं मी पाहतो." प्रेमानं म्हनलं! तीस सालाच्या संसारात पहिल्यांदा. तेव्हाच माहे कान उभे व्हाले पाहिजे होते, पन कान कसाचे, मी खड्ड्यावर लटकलो होतो. तिनं तिळगूळ हातावर ठेवला तं कंट्रोलर चिकट झाला, इतकंच मले संक्रांतीचं आठवते.

अन मंग आलं ते झाड.

तुमाले सांगतो, सात फाटकं ओलांडून पोट्टी एका झाडापाशी आली. झाडाच्या बाजूले पान्याचा हौद, हौदाले चाक. चाक फिरवलं का पानी झाडाले. म्या म्हनलं हे तं आपलं खातं! फिरवलं चाक. झाड हिरवंगार… अन फाटक बंदच. पोट्टी झाडावर चढवली, पाल्यातून घसरली, खड्ड्यात. पुन्हा पानी, पुन्हा पाला, पुन्हा खड्ड्यात. पंधरा दिवस! आकांक्षाले म्हनलं सांग ना वं, तं म्हने, "बाबा, तुमीच विचार करा." मी विचार कुठं करतो, झाड जरा सुकल्यावानी दिसलं का माहा हात आपसुक चाकावर. तुमीच सांगा, मले राहवते का?

तं महाशिवरात्रीच्या रोजी केशवरावचा फोन आला. तो मानूस फोनवर "ठेवतो" म्हनल्यावर अर्धा घंटा बोलते. मी कंट्रोलर तसाच ठेवून आतल्या खोलीत गेलो. वापस येऊन पाहतो तं, झाडावर एक पान नाही. निसता खराटा. मेलं ना झाड, माह्यापायी मेलं. चाक फिरवलं, म्या म्हनलं मरता-मरता पानी तं पिऊ दे बिचाऱ्याले. अन काय सांगू… झाड फुललं! पांढरं फटक, बुडापासून शेंड्यापर्यंत. मंग फळं धरली, एक टपकलं, घरंगळत गेलं, खटक्यावर बसलं, अन फाटक करकर करत उघडलं.

माह्या डोळ्यातून पानी. अन काय तो फुलाचा वास! घरभर घमघमाट. मी आकांक्षाले म्हनलं, "पाह्य वं, काय गेम हाय, वाससुद्धा येते." आकांक्षा म्हने, "बाबा, टीव्हीतून वास येत नसते."

म्हंजे… आज तारीख कोनती? माहा ताण? माही झाडं? दोन महिने होऊन गेले ना बापा पानी तोडून! तसाच अनवानी पळालो. म्या म्हनलं खराटे पाहाले भेटते आता सहाशे.

अन तुमाले सांगतो, बगीचा पांढरा झाला होता. सहाशेच्या सहाशे. बुडाशी आळे ओले, फांदीफांदीले फुल, वरतून मधमाश्याईचा आवाज. तीन सालात जे मले दिसलं नाही ते माह्या नाकापुढं उभं, अन मधात रुख्मिणी, पदर खोचून.

"हे कधी झालं वं?"

"पंचेचाळीस दिवस भरू देल्ले. सव्वीस जानेवारीले शाळेत झेंडा झाला अन मी मोटर चालू केली."

"अन मी कुठं होतो?"

"खड्ड्यात."

मंग सारं निघालं. आकांक्षानं अकोल्याले तो गेम खेळला होता, ते झाड पाह्यलं अन मायले फोन केला, "आई, बाबासाठी औषध भेटलं." दोघीईचा कट! मले इतका धक्का बसला का मी आळ्याच्या चिखलातच टेकलो. म्हनलं, रुख्मिणी, माह्यावर एवढाही भरोसा नाही तुले? तं ते म्हने, "झाडं तहानेनं मरत नाही अवो, तुमच्या मायेनं मरते." अन माह्या आंगावरची फुलं झटकली तिनं. मले तं रडू आलं, खोटं काहून सांगू.

बरं, झालं ते झालं. म्या म्हनलं चला, बहार फुटला, आता निवांत जाऊन पाहू त्या फाटकाच्या पलीकडं काय हाय. घरी येतो तं डब्बा कपाटात, कपाटाले कुलूप, किल्ली रुख्मिणीच्या कंबरेले. म्हने, "आता फवारनीचे दिवस. पाऊस लागेपर्यंत गेम बंद."

पोट्टी तिकडं उघड्या फाटकात उभी हाये हो, लाल फराकात, एकटी. एक पाऊल टाकाचं बाकी. तुमीच सांगा, मले राहवते का?

…काय करता बापा. राहून राहिलो.