चार मिनिटं आधीची बस

उज्वला : तिकीट राहू द्या हो. आधी मला सांगा, आत्ता किती वाजलेत?

सावळीराम : मॅडम, घड्याळ तुमच्या हातात हाय की.

उज्वला : माझ्या घड्याळात सहा एक्केचाळीस झालेत. तुमच्या तिकिटाच्या मशीनवर किती दिसतायत, ते विचारतेय.

सावळीराम : एक्केचाळीसच. का बरं?

उज्वला : आणि ही गाडी कितीची?

सावळीराम : पंचेचाळीसची.

उज्वला : मग सुटली कशी?

सावळीराम : आता घ्या! पंधरा वर्षं कंडक्टरकी करतोय. गाडी लेट झाली म्हणून लोकं रोज भांडतात. लवकर सुटली म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पयल्याच. कुठं जायचं?

उज्वला : शालिमार. पण मी नाशिक रोडला बसणारी नव्हे. मी दत्तमंदिरच्या स्टॉपवरची. आज मुद्दाम रिक्षा करून उलटी मागे आले, तुमची गाडी खरंच कधी सुटते ते डोळ्यांनी बघायला.

सावळीराम : दत्तमंदिर? म्हंजी त्या गाडीमागं पळणाऱ्या बाई तुम्हीच का?

उज्वला : मीच. सोमवारी चप्पल तुटली ती माझीच. तुम्ही मागच्या काचेतून बघत होतात.

सावळीराम : बघत व्हतो. पण तोवर डबल बेल झालेली, गाडीनं येग घेतलेला. मला बी वाईट वाटलं.

उज्वला : तुमच्या वाईट वाटण्यानं माझं भागत नाही ना. मी शाळेत क्लार्क आहे. सकाळचं सत्र सात वीसला भरतं. दारात अंगठ्याचं मशीन. एकविसाव्या मिनिटाला अंगठा लावला की लाल दिवा. तुमची गाडी चुकली की पुढची सात दहाला, ती शालिमारला टेकते साडेसातच्या पुढं. या महिन्यात पाच लाल दिवे लागले. मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

सावळीराम : मंग दिला का खुलासा?

उज्वला : दिला. लिहिलं, बस लवकर आल्यामुळे मला उशीर झाला.

सावळीराम : हॅ हॅ हॅ...

उज्वला : हसू नका. त्या पण अशाच हसल्या आणि कागद परत दिला. म्हणाल्या, उज्वलाताई, घरी जाऊन शांतपणे लिहा.

सावळीराम : नाय, हसू नाय. चुकलंच.

उज्वला : मग मी शांतपणे बसले आणि आठवडाभर मोबाईलवर तुमची गाडी बघितली. नकाशावर ती दिसते ना सरकताना. रोज एक्केचाळीसला सुटते. दत्तमंदिर, उपनगर, धाडधाड सोडत गांधीनगरला जाते आणि तिथे उभी राहते. सहा चोपन्न ते अठ्ठावन्न. हलत नाही. आणि तिथून पुढे पार शालिमारपर्यंत घड्याळ लावून घ्यावं अशी वेळेवर! मला सांगा, तिथे चहा पिता का तुम्ही लोक?

सावळीराम : तिथं टपरी नाय.

उज्वला : ते मला माहितीय. रविवारी जाऊन बघून आले. टपरी नाही, सिग्नल नाही, खोदलेला रस्ता नाही. मग आहे काय तिथे? भाजी निवडताना, इस्त्री करताना, माझ्या डोक्यात तेच. नवरा म्हणतो, तुला बस लागलीय.

सावळीराम : लय बारीक ध्यान तुमचं. मॅडम, एक विचारू? आमच्या सोमनाथभाऊची, म्हंजी या डायवरची, कोणी तरी ऑफिसात तक्रार केलीय. मोबाईलवरनं. तारखा, टाइम, सगळं मांडून. शुक्रवारी त्याला नोटीस आली. खुलासा द्या म्हणून.

उज्वला : हं.

सावळीराम : ठेक्यावरचा माणूस हाय. आमच्यात नोटीस आली की अर्धा पाय घराकडं. गुरुवारी साहेब सोता गाडीत बसून बघणार. कोणी केली असंल वो? तुमच्या स्टॉपवर काही कानावर?

उज्वला : मी केली.

सावळीराम : तुम्ही?

उज्वला : बोला ना.

सावळीराम : काय बोलणार? तिकीट घ्या.

उज्वला : चिडलात.

सावळीराम : चिडून काय करू? तुमचा हक हाय. बरोबर लिव्हलंय तुम्ही. एक मिनिट इकडं तिकडं नाय. पर आधी इचारायचं तरी.

उज्वला : कुणाला विचारायचं? पळत्या गाडीच्या मागच्या काचेला? तुम्ही विचारलंत का आम्हाला? दत्तमंदिरला आम्ही चौघं असतो रोज. एक नर्सबाई, एक वॉचमन, एक क्लासची मुलगी आणि मी. आमची चार मिनिटं तुम्ही उचललीत. कुणाला नेऊन देता, ते तरी कळू द्या.

सावळीराम : उपनगर गेलं. आता दोन मिनिटं गप बसा, मॅडम. ही इकडची खिडकी घ्या. आलं गांधीनगर. बघा.

उज्वला : काय बघू? एक म्हातारी आहे. आणि तो मोठा माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. चढत का नाहीत ते? अहो, तो पुढे चालला, बसच्या तोंडासमोरून!

सावळीराम : जाऊ द्या त्याला.

उज्वला : आता पलीकडच्या बाजूने मागे चाललाय. बसच्या अंगावर तळहात टेकवत टेकवत. रस्त्याच्या बाजूला गाड्या आहेत हो!

सावळीराम : म्हणून सोमनाथभाऊ खाली उतरलाय. दिसला का? हात करून गाड्या थोपवतोय. तो यादव. चौतीस वर्षांचा हाय, पर मन लहान. पुढं द्वारकेच्या अलीकडं तसल्या पोरांची कार्यशाळा हाय, तिथं पुठ्ठ्याच्या फायली बनवतो. लय सुबक बनवतो. पर गाडीला पुरी फेरी घातल्याबिगर चढत नाय.

उज्वला : आणि घाई केली तर?

सावळीराम : याच्या आधी दुसरा डायवर व्हता. त्यानं हॉर्न मारला. यादवनं रस्त्यातच मांडी घातली. अर्धा तास. सगळी लोकं खेकसायला लागली. रंगूमावशी, ती त्याची आई, ती बी मंग त्याच्याशेजारी रस्त्यात बसली. काय करंल बिचारी? पुढं महिनाभर पोरगं घरात. मंग सोमनाथभाऊ आला या रूटला. त्याच्या डोक्यानं त्यानं गणित केलं. पुढं कोणाला लेट नको, म्हणून मागनं चार मिनिटं काढली.

उज्वला : मागे माणसंच नाहीत असं समजून.

सावळीराम : ते मातर खरं. ते आमच्या टाळक्यात आलं नाय. या मावशी, सावकाश. यादवशेठ, बसा. मावशी, या बाईंच्या शेजारी बसा.

रंगूबाई : सरकता का बाई जरा? देव भलं करो. आज काय गर्दी नाय. सावळीराम, सोमनाथच्या त्या कागदाचं काय झालं रं?

सावळीराम : होईल काय ते.

रंगूबाई : होईल काय ते नाय. म्या ठरवलंय. उद्याधरनं आम्ही नाय येत. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन माझ्या पोराला फायली नाय शिकायच्या. कोण कुठली बया, तिला काय ठावं...

उज्वला : मावशी, ती बया मी.

रंगूबाई : आं?

उज्वला : तक्रार मी केली. माझी गाडी रोज चुकते, तुमच्यासाठी ती लवकर सुटते म्हणून. मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

रंगूबाई : ...तुमचं बी काय चुकलं म्हणा. नोकरी असंल.

उज्वला : आहे. मावशी, राग मानू नका, मला एक विचारायचंय. तो असा फेरी का घालतो?

रंगूबाई : कोणाला ठावं बाई. लहानपणापासनंच करतो. रेल्वे असो, टेम्पो असो. त्याचा बाप मनमाडला रेल्वेत व्हता. त्यानं मारून बघितलं. डाक्तर म्हणले, सवय हाय, सोडा.

उज्वला : त्याला कधी विचारलं?

रंगूबाई : त्याला? त्याला काय सांगता येतंय?

उज्वला : विचारू का मी? यादव... अरे यादव, इकडे बघ. मी उज्वला. तू बसच्या मागे जाऊन काय बघतोस?

यादव : मागं कोणी राहिलं का बघतो.

रंगूबाई : आगं आई...

उज्वला : काय झालं मावशी?

रंगूबाई : मनमाडला. सात-आठ वर्षांचा असंल. नाशिकला दवाखान्यात आणत व्हते. गाडी उभी व्हती म्हणून पाणी भरायला उतरले, अन् गाडी सुटली. म्या फलाटावर, हा डब्यात येकटा. लासलगावला कोणी उतरवून घेतला, तवा घसा बसलेला रडून रडून. म्या समजत व्हते तो इसरला. सत्तावीस वर्षं झाली वो.

सावळीराम : रोज बघतोय मी याला. माझ्या बी मनात नाय आलं विचारायचं.

उज्वला : यादव, दत्तमंदिरला रोज चार जण मागे राहतात रे.

यादव : तिथं मी नसतो.

सावळीराम : घ्या. आता याला काय उत्तर देता?

उज्वला : उत्तर राहू द्या. काम आहे. तुमच्या साहेबांचं ऑफिस कितीला उघडतं?

रंगूबाई : तक्रार माघारी घेता का बाई?

उज्वला : नाही घेत. खरी आहे ती, मागे कशाला घ्यायची? पण अर्धीच होती. उरलेली आज लिहिते. गाडीची वेळच सहा एक्केचाळीस करा. प्रत्येक स्टॉपवर तशी पाटी लावा. गांधीनगरला चार मिनिटं थांबा, ते कागदावर दाखवा. आमच्या चौघांच्या सह्या घेते. मावशी, तुमचा अंगठा चालेल.

रंगूबाई : सही येती मला.

उज्वला : चुकलं. सही द्या.

सावळीराम : अन् ऑफिस ऐकंल?

उज्वला : भाऊ, सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज घेतेय आणि परत करतेय. कुठला अर्ज परत करता येत नाही, ते मला चांगलं माहीत आहे.

(दीड महिन्यानंतर. तीच बस, गांधीनगरचा स्टॉप.)

सावळीराम : आज तुमच्या स्टॉपवर सहा जण व्हते, मॅडम.

उज्वला : पाटी लागली ना. आता लोकांना भरवसा वाटतो. मला मेलीला मात्र पहाटे चार मिनिटं आधी उठावं लागतं. सोमनाथभाऊ कसे आहेत?

सावळीराम : बरा हाय. आठ दिवस घरी बसवला व्हता, ते डोक्यात हाय त्याच्या. तुमच्या अर्जानं परत घेतला, ते बी डोक्यात हाय.

उज्वला : माझ्याशी बोलत नाहीत अजून. मी रोज चढताना नमस्कार करते.

सावळीराम : करत राहा. परवा ती नर्सबाई लांबून पळत येत व्हती, तर आरशात बघून थांबला. मी बेल मारली तरी थांबला. तुमच्या मोठ्या बाईंचं काय?

उज्वला : खुलासा घेतला. नवीन वेळापत्रक जोडलं होतं त्याला. वाचून म्हणाल्या, हे आधी नाही का सांगायचं?

रंगूबाई : बाई, हा धरा डबा. मेथीची भाकरी हाय. शाळेत खा.

उज्वला : अहो मावशी, कशाला... यादव कुठाय?

रंगूबाई : मागं गेलाय. आता यील.

प्रवासी : ओ कंडक्टर! काय प्रकार आहे? गाडी बिघडलीय का? किती वेळ उभी? लोकांना कामंधंदे आहेत की नाहीत?

सावळीराम : सांगा मॅडम तुम्हीच.

उज्वला : बसा हो दादा. गाडी वेळेत आहे.