जर्सीवरचं नाव

बाय-बॅक म्हणजे काय ते मला शिकवू नका, आमच्या घरात तो एकदा लागू झालाय!

झालं काय, आपल्या फुटबॉल क्लबनं आपला स्ट्रायकर विकला. मी तणतणत घरी आलो आणि जर्सी बायकोपुढं टाकली. पाठीवर त्याचं नाव आमच्या लिंबायत भागातल्याच एम्ब्रॉयडरीवाल्याकडून हौसेनं भरून घेतलेलं. बायको घरी साड्यांच्या फिनिशिंगचं काम करते. म्हटलं, "उसव ते नाव."

"कायमचा गेला का?"

"तसं नाही, बाय-बॅक आहे, म्हणजे ठरलेल्या किमतीत परत घ्यायची अट ठेवलीय. पण कोण घेतंय परत!"

जर्सी हातात आली ती पाठ कोरी होऊन.

पुढच्याच वर्षी क्लबनं ती अट वापरून त्याला खरंच परत आणलं. मी नाचत कपाट उघडलं, कोरी पाठ बघितली आणि मटकन खाली बसलो.

"अहो, इकडे आणा." तिनं एक दोरा ओढला. जर्सीच्याच रंगाची पट्टी निघून आली आणि खाली अख्खं नाव! बाईनं नुसते कच्चे टाके घातले होते. "अट आहे म्हणालात, मग उसवणार कशाला?"

माझा जीव भांड्यात पडला. मी पट्टी फेकायला निघालो, तर ती घडी घालत म्हणते, "राहू द्या. परत विकतील तेव्हा लागेल."