जहाजावरून आलेला दुवा

सिंगापूरच्या बेडोक भागात, हॉकर सेंटर नावाच्या खाऊबाजारात, कॉफीच्या रांगेत उभ्या निशिगंधाला मागून मराठी ऐकू आलं. एक बाप आणि नुकतीच परतलेली त्याची डॉक्टर लेक बोलत होते.

“सिंगापूरनं युद्धबंदीला मत दिलं, तुमचं डॉक्टरांचं पथक पाठवलं. पण पॅलेस्टाईनला मान्यता अजून नाहीच!”

“खरंय, बाबा. पण इजिप्तच्या किनाऱ्यावर, त्या फ्रेंच इस्पितळ-जहाजावर आणलेल्या गाझाच्या जखमी मुलांना डॉक्टर तर हवेच होते ना?”

“कुणी काही विचारलं नाही?”

“एका आईनं विचारलं. तिच्या लेकाचा पाय वाचला. म्हणाली, तुला एवढ्या लांब कुणी पाठवलं?”

“सरकारनं, असंच सांगितलंस ना?”

“नाही. मी म्हणाले, बाबांनी. तिनं तुम्हाला दुवा दिलाय.”

“अगं, मी तर जाऊ नको म्हणून अडून बसलो होतो!”

“ते नाही सांगितलं तिला.”

रांग सरकली. मागून बापाचा आवाज आला.

“पुन्हा पथक निघालं, तर जा.”