कूलरची नळी

(बरकतपुरा. गल्लीत बॉनेट उघडून उभी असलेली जुनी मोटार. स्टिअरिंगवर शिवानी, इंजिनाशी तिचे वडील तातेराव. मागच्या सीटवर आई, भागूबाई.)

तातेराव : सोड. आता दाब ब्रेक.

शिवानी : दाबतेच आहे, बाबा. दगड आहे नुसता.

तातेराव : पण फुसफुस तर थांबली.

शिवानी : इंजिन बंद पडलं, म्हणून थांबली.

तातेराव : कर चालू पुन्हा. जॉइंट नवा टाकलाय, क्लिप आवळलीय. हवा शिरायला जागाच नाही.

शिवानी : ब्रेकची नळी कुठली लावलीत?

तातेराव : आपल्या कूलरची. चांगली जाड आहे.

शिवानी : कूलरच्या नळीतून पाणी ढकलतात, बाबा. इथं इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर ब्रेक हलका लागतो. चालू करते, नळीकडं बघा. काय दिसतं?

तातेराव : ...चपटी झाली.

शिवानी : बंद करू?

तातेराव : कर. जुनीच लावतो. वरून टेप गुंडाळतो, कोठीच्या दवाखान्यापर्यंत दम धरील... अरारा!

शिवानी : तुटली?

तातेराव : बिस्किटागत चुरा झाला. सकाळपासून हेच चाललंय. एका जॉइंटला हात लावावा तर शेजारचा मोडायलाय.

भागूबाई : अहो, निघायचं का? कवाची बसलेय मी.

तातेराव : निघालोच, भागू.

शिवानी : गौलीगुड्याच्या मेस्त्रीला फोन केला होता. या गाडीचा माल येत नाही म्हणाला. सोमवारी शोधून सांगतो.

तातेराव : सोमवारी घेऊन काय करू? भागूच्या डोळ्यातलं इंजेक्शन आज आहे. दोनदा चुकलंय. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलला ना, एक डोळा गेला, आता चुकलं तर दुसराही राहत नाही.

शिवानी : कॅब बोलवते.

तातेराव : नक्को! मागच्या खेपेला काचीगुड्याच्या सिग्नलला ऑटोतून उडी टाकली तिनं. मलाच ओळखेना. 'कोण लोक हे' म्हणून बोंबलत होती. या गाडीत तेवढी गप बसते. बाकी सगळं विसरली, ही सीट विसरली नाही.

शिवानी : मी धरून बसते ना तिला.

तातेराव : तेव्हाही तूच धरलं होतंस, बाई.

शिवानी : (किल्ली काढून मुठीत धरते.)

तातेराव : हल्लू हल्लू नेतो. हँडब्रेक आहे की.

शिवानी : चादरघाटच्या गर्दीत, हँडब्रेकवर? समोर कुणाचं लेकरू आलं तर?

तातेराव : किल्ली दे.

शिवानी : नाही.

तातेराव : शिवानी, दे म्हणतो ना!

शिवानी : ओरडा हवं तेवढं. नाही देणार.

तातेराव : मग तूच सांग काय करू. तिला आंधळी होऊ देऊ?

शिवानी : मला नाही माहीत, बाबा. खरंच नाही माहीत.

तातेराव : दवाखान्यात फोन तरी कर. थांबा म्हणावं थोडं.

शिवानी : केला मघाशी. डॉक्टर निघून गेले.

तातेराव : कधी?

शिवानी : तुम्ही क्लिप आवळत होतात तेव्हा. तुम्हाला सांगवेना, म्हणून कॅबचं बोलत राहिले.

भागूबाई : गाडी हलेना. आलो का आपण?

शिवानी : बाबा, सांगा तिला.

तातेराव : जाऊन आलो, भागू. घर आलंय. हात दे, उतर.

भागूबाई : या बारीला दुखलं नाही काही.