तीसचे पन्नास

(हॅमिल्टन, न्यूझीलंड. अबोली सिटी काउन्सिलच्या सभेहून घरी आली आहे. आई शांता आणि वडील मोरेश्वर जेवायचे थांबले आहेत.)

मोरेश्वर : म्हणजे, ज्या कामासाठी लोकांनी तुला निवडून दिलं, तेच रद्द करायला तू मत दिलंस?

अबोली : बाबा, आपल्या रस्त्यावर ताशी तीसची लिमिट आम्हीच लावली होती. आता वेलिंग्टनहून सरकारचा नियम आला, पन्नास करा. काउन्सिलला चॉइसच नव्हता.

मोरेश्वर : मी नगराध्यक्ष असताना मंत्रालयातून असलं काही यायच्या आत गतिरोधक टाकून मोकळा व्हायचो. मंजुरी मागाहून!

अबोली : इथे तसं केलं तर आम्हाला घरी बसवून कमिशनर आणतील.

मोरेश्वर : म्हणजे आपला प्रशासक. इथेही तेच का? अगं, तिकडे बसलेल्यांना काय ठाऊक, शांताला डाव्या डोळ्याने दिसत नाही ते!

अबोली : तेच बोलले मी सभेत. बोलताना रडू आलं, बाबा. सगळ्यांसमोर.

मोरेश्वर : असू दे. मग ठरलं तर. उद्यापासून शांता संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या कम्युनिटी हॉलवर जाणार नाही.

शांता : कुणी ठरवलं?

मोरेश्वर : अगं, गाड्या पन्नासने येणार.

शांता : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. रस्ता ओलांडायचाय मला, आणि ठराव मला न विचारता पास?

अबोली : बाबा, तुम्हीच वेलिंग्टन झालात की!

मोरेश्वर : तिच्या भल्यासाठीच सांगतोय ना.

अबोली : तेही हेच म्हणतात.

शांता : या देशात माझी म्हणून जी माणसं आहेत, ती त्या हॉलमध्ये. स्नेहलता, ती टेरेसा. तिथे मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. ‘किया ओरा, शांता’ असा माओरीत नमस्कार करतात. ते मी सोडायची नाही. जीव रमतो माझा तिथे.

मोरेश्वर : …हे कधी बोलली नाहीस.

शांता : कधी विचारलंत?

मोरेश्वर : बरं. अबोली, वेग त्यांचा. पण रस्त्याची रुंदी कुणाच्या हातात?

अबोली : आमच्या.

मोरेश्वर : मग मधोमध झाडं लाव. रस्ता अरुंद झाला की झक मारत हळू येतील.

अबोली : होईल ते. पण बजेट, लोकांच्या हरकती… वर्ष जाईल.

मोरेश्वर : शांता, तोवर मी येत जाऊ का गं तुझ्याबरोबर हॉलपर्यंत?

शांता : या की. पण लग्न झाल्यापासून चालत आलात तसे पुढेपुढे नको. शेजारून चाला.