चुंबळ ठेवून जा

रावजी मास्तर : काशी, चिमाच्या मुठीतून पदर सोडव आणि शाळेचा ओटा उतरून, मागं न बघता चालू लाग. आतून चौथीचे चौघे येतील, हिला हातापायांना धरून उचलून नेतील. सोळा सालापासून, पंधरा वर्षं, मी असाच वर्ग भरवतोय. मीही असाच शिकलो.

काशी : म्हनून तर अजून शाळंतनं भायर पडला न्हाय.

रावजी मास्तर : आज तिसरा दिवस. काल हिच्या रडण्यानं अख्खी पहिली रडली. अठरा मुलं. का रडता विचारलं, तर एकालाही सांगता येईना.

काशी : तुम्ही हिला काय सांगितलात?

रावजी मास्तर : सगळ्यांना सांगतो तेच. 'आई पाणी प्यायला गेल्ये, आत्ता येईल.'

काशी : थितंच घोळ झाला. हिचा बापूस बंदरावर ह्येच बोलला. 'हितं उभी ऱ्हा, चणे घेऊन आत्ता येतो.' आनि चढला आगबोटीत. पोर रडंल म्हनून. दोन शिमगे झाले त्येला.

रावजी मास्तर : गिरणीतून पत्रं तर येतात. मीच वाचतो.

काशी : तुम्ही वाचता म्हंजे सारं मिरजोळं ऐकतं. म्हनून तर हिला शाळंत घालायची. हिनं वाचायचं, मी ऐकायचं. दार लावून.

रावजी मास्तर : मोठ्यानं वाचायची सवय शाळेनं लावली. असो. दिपोटी साहेब शाळा तपासायला यायचेत. आठवड्यात ही बसली नाही, तर पटावरून नाव कमी.

काशी : बसंल. चिमे, हिकडं बघ. मी पानी प्यायला न्हाय जात. रत्नागिरीस जातंय, भाजी इकायला. ऊन त्या पायरीवर आलं की येतंय.

चिमा : बाबा पन येतंय बोलला.

काशी : मी बाबा न्हाय.

चिमा : सगळं नेलान त्यानं. पेटी, छत्री, वहाना पन. काय ठेवलान न्हाय. तू चुंबळ ठेव.

काशी : आनि टोपली कशावर घेऊ?

चिमा : ठेव.

काशी : धर. घट्ट धर.

रावजी मास्तर : अगं, फडक्याची दुसरी चुंबळ वळायला कितीसा वेळ? कोपऱ्यावर गेलीस की वळ. हिला काय कळतंय?

काशी : एक दिस कळंल. मग मी पन त्या चण्यांतलीच.

रावजी मास्तर : दोन कोस टोपली कमरेवर नेणार?

काशी : हिला न्हाय वागवली कमरेवर? टोपली तरी लाथा मारत न्हाय.

(आठव्या दिवशी सकाळी, त्याच ओट्यावर.)

रावजी मास्तर : काशी, तक्रार आहे. ही चुंबळ मांडीवर घेऊन बसते, त्याबद्दल काही नाही. पण आता प्रत्येकाला काहीतरी हवं. विमलानं आईचा विळा ठेवून घेतला, सदूनं आजोबांची चंची. वर्गात पाटी ठेवायला जागा नाही.

काशी : रडतं का कोन?

रावजी मास्तर : सदूचे आजोबा. तंबाखूवाचून.

काशी : आनि ही?

रावजी मास्तर : ही 'च'पर्यंत आली. काल टपाल आणायला निघालो, सवयीनं 'आत्ता येतो' म्हटलं. हिनं टोपी ठेवून घेतली. बोडक्यानं गेलो. रस्त्यात तिघांनी विचारलं, घरात कोण गेलं.

चिमा : पन आलात.

रावजी मास्तर : टोपीसाठी आलो.

काशी : चिमे, मी निघतंय. ऊन पायरीवर आलं की.

चिमा : आये, चुंबळ ने.

काशी : ऱ्हाऊ दे. सवय झाली.

चिमा : ने. वाकडी चालतेस. तू येतेस, म्हायत हाय मला.

रावजी मास्तर : थांब काशी. कालच्या टपालात तुझं पत्र होतं. वाचू?

काशी : हळू वाचा.

रावजी मास्तर : 'येत्या शिमग्याला पंधरा दिवस रजेवर येतो.' बाकी नमस्कार आहेत. चिमा, बाबा येतायत. उत्तरात काय लिहू?

चिमा : लिवा, या. जाताना पेटी हितं ठेवायची.