चहाबरोबरचा मोबाइल

तुम्हाला सांगतो, चांगलं वागायची शिक्षा मला यंदा ठाण्यात माझ्याच स्वयंपाकघरात मिळाली. उपवासकाळ सुरू झाला तेव्हा, राखेच्या बुधवारी, फादर म्हणाले, "ईस्टरपर्यंत एखादी सवय सोडा, पण गाजावाजा नको." मी सकाळच्या चहाबरोबरचा मोबाइल सोडला आणि बायकोला, फिलूलाही, सांगितलं नाही.

चार दिवस नुसता बसून चहा प्यायलो. आल्याचा वास घेतला, फिलूकडे बघितलं. पाचव्या दिवशी म्हणालो, "फिलू, चहा छान झालाय गं."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने गॅस बंद केला.

"तुझा रिपोर्ट आला का?"

आदल्या आठवड्यात मी पोटाची तपासणी केलेली, ती विसरूनही गेलेलो.

"अजून नाही."

"खरं सांग. चार दिवस असा बघत बसतोस, उगाच नाही."

"अगं, उपवासकाळ म्हणून मोबाइल सोडलाय."

"तू? गेल्या वर्षी कारलं सोडलेलंस, जे तू खातच नाहीस."

माझ्या थापा ऐकत तिचा संसार झालाय, त्यामुळे खरं काही पटेना. तिने थेट लॅबला फोन लावला. तिथली मुलगी रिपोर्ट शोधेपर्यंत माझं पोट खरंच दुखायला लागलं.

"सगळं नॉर्मल आहे, मॅडम."

फिलू मटकन खुर्चीत बसली. क्रूसाची खूण केली, डोळे पुसले.

"आता पटलं ना?" मी विचारलं.

"पटलं. पण परवाच मी चर्चमधल्या माउलीला नवस बोललेय. रिपोर्ट चांगला आला, तर तू जन्मभर बोंबील सोडशील."